अण्णांची गुळगुळीत भिंत

आमच्या थेरगावच्या घराला न्हाणीघर नव्हतं, असं मी म्हटलं की माझी सून डोळे मोठे करते. "मग आई, तुम्ही अंघोळ कुठं करायच्या?" अगं बाई, करायचो आम्ही अंघोळी, न्हाणीघर नाही म्हणून कुणी पारोसं राहत नव्हतं! घराच्या मागच्या अंगाला एक मोठा काळा दगड बसवलेला होता. त्याच्या तीन बाजूंना कंपनीतल्या जुन्या पिंपांचे पत्रे ठोकून उभे केलेले आणि चौथ्या बाजूला आईचं जुनं लुगडं. वर सगळं आकाश. बायकांच्या अंघोळी उजाडायच्या आत उरकायच्या, कारण उजाडलं की मागच्या वाटेनं पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून जायला लागायची आणि लुगडं नेमकं तेव्हाच वाऱ्यानं उडायचं. म्हणून माझी थोरली बहीण शोभा, म्हणजे अक्का, आणि मी आळीपाळीनं त्याचं टोक धरून उभ्या राहायचो. एकीची अंघोळ, दुसरीची राखण. आमच्या खऱ्या गप्पा सगळ्या तिथंच झाल्या. कुरुळीचा मुलगा आपल्याला पसंत आहे हे अक्कानं मला तिथूनच सांगितलं, डोळ्यांत साबण गेलेला असताना. मला वाटलं रडतेय, म्हणून मी घाबरून लुगडंच सोडून दिलं होतं.

त्या घरातली सकाळ भोंग्यावर चालायची. पिंपरीकडच्या कंपन्यांचे भोंगे एकामागून एक व्हायचे आणि कुठला भोंगा कुणाचा हे आम्हाला झोपेतही कळायचं. त्या आवाजाखाली आईच्या पाट्यावरवंट्याचा आवाज. सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची आणि मीठ, एवढ्यावर आई अशी चटणी वाटायची की पिठलं-भाकरी नुसती निमित्ताला. आता माझ्याकडे दोन मिक्सर आहेत आणि चटणी एकातही तशी होत नाही. सून म्हणते, तुमच्या जिभेला सवय झाली आहे. असेल. पण जिभेला चव कळते आणि सुनेला कळत नाही, त्याला मी काय करू!

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कंपनीत टूलरूमला ग्राइंडिंग मशिनवर होते. लोखंडाचा ठोकळा घासून घासून असा सपाट करायचा की त्यात आपलं तोंड दिसावं, हे त्यांचं काम. उभा जन्म तेच केल्यामुळं त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला एक खोड लागली होती. जे समोर येईल त्यावरून ते बोट फिरायचं. दाराची फळी, तव्याची कड, माझी नवी पाटी. पसंत पडलं तर एकच शब्द यायचा, "ओके." तो कंपनीतल्या शिक्क्यावरचा शब्द. नापसंत असेल तर "औट." आईनं भाकरी वाढली की अण्णा आधी तिच्या कडेवरून बोट फिरवणार, मगच तुकडा मोडणार. "आज भाकरी औट हाय." म्हणजे गोल नाही. आई म्हणायची, "पोटात गेल्यावर कोण गेज लावून बघणार हाय?" अण्णा हसायचे आणि चौथी भाकरी मागायचे. पण आईच्या भाकरीला ओके म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. त्यांना ती गंमत वाटायची. आईला काय वाटायचं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

खंडेनवमीला कंपनीत मशिनींची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मशिनींना झेंडूच्या माळा, मशिनच्या तेलाचा वास आणि त्यात मिसळलेला उदबत्तीचा. मी लहान असताना अण्णांनी मला त्यांच्या टेबलाशी नेलं, एका लाकडी पेटीतून पोलादाचे दोन चपटे तुकडे काढले, मऊ कापडानं पुसले, एकमेकांवर ठेवून हलकेच फिरवले आणि माझ्या हातात दिले. त्यांना स्लिप गेज म्हणतात, मापं तपासायला वापरतात ते. "ओढ," अण्णा म्हणाले. मी ओढलं. दात-ओठ खाऊन ओढलं. सुटेनात. "ह्याला डिंक न्हाई, खिळा न्हाई," अण्णा म्हणाले. "दोन्ही अंगं साफ आन सरळ असली की आपोआप धरत्यात. खरबडीत माल कशालाच धरत न्हाई, ध्यानात ठेव." मला ती जादूच वाटली. अण्णांना मात्र ती जादू वाटत नव्हती, त्यांचा त्यावर विश्वास होता. माणसांबद्दलही ते तसंच बोलायचे. साफ माणूस, सरळ माणूस. याच्या पलीकडं त्यांच्याकडं स्तुती नव्हती.

मग कंपनीला टाळं लागलं. का लागलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढं ज्यांनी ज्यांनी समजावून सांगितलं, त्या प्रत्येकानं वेगळं सांगितलं. सुरुवातीला अण्णा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, गेटसमोर झाडाखाली बसायचे आणि डबा खाऊन परत यायचे. मग एक दिवस आईनं डबा भरून ठेवला आणि तो तिथंच राहिला. डांगे चौकात गेलं की जो तो विचारायचा, "काय राव, सुरू व्हतीय का कंपनी?" म्हणून अण्णांनी चौकातून जाणंच सोडलं, शेतामागच्या वाटेनं फिरून यायला लागले. घरात असले तरी नसल्यासारखे. त्यांचं ते बोटसुद्धा फिरायचं थांबलं. आई मुद्दाम भाकरी वाकडी थापायची, की निदान औट तरी म्हणतील. ते गुमान खाऊन उठायचे.

न्हाणीघर उभं राहिलं ते आईच्या डोक्यातून. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामाच होता, त्याच्या विटा निघाल्या. मधल्या खोलीला लागून जागा होती. बांधायला काशिनाथ होता. काशिनाथ लातूरकडचा गवंडी, आमच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा, दिवसभर चिंचवडला कुणाच्या तरी भिंती बांधायचा आणि संध्याकाळी आमची. विटा झाल्या, प्लास्टर झालं, आणि तो म्हणाला, "अण्णा, वरून नीरूच्या चुन्याचा हात मारून देतो, काम खलास." तेव्हा अण्णा खाटेवरून उठले, भिंतीपाशी गेले आणि किती दिवसांनी त्यांचं ते मधलं बोट भिंतीवरून फिरलं. "औट हाय," ते म्हणाले. "पुढचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी कंपनीचे निळे कपडे घातले. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला तसे अण्णा न्हाणीघरात शिरले आणि पाळी सुटायचा भोंगा झाला तेव्हाच बाहेर आले. मग रोज तेच. आधी लाकडी रंध्यानं, मग पोलादी पट्टीनं, मग पवना नदीतून शोधून आणलेल्या एका गोट्यानं ते भिंत घोटत बसायचे. नीरू आणि सिमेंटचं पातळ पाणी मारायचं आणि घोटायचं, पुन्हा मारायचं आणि पुन्हा घोटायचं. दिवसभर घरात सुर्र सुर्र असा आवाज. आई म्हणायची, "न्हाणीघर हाय का देव्हारा?" पण तिचा आवाज हलका झाला होता. अण्णा जेवायला बसून पुन्हा औट म्हणायला लागले होते.

भिंत झाली ती काय सांगू! राखाडी रंगाची, आणि तिच्यात आपली सावली नाही, आपण दिसायचो. अण्णा येईल त्याला आत न्यायचे, डोळे मिटायला लावायचे आणि त्याचा हात धरून भिंतीवर ठेवायचे. "सांगा, लोखंड का सिमिट?" माणसं तोंडात बोटं घालायची. गावातले म्हातारे येऊन गेले, कंपनीतले दोस्त येऊन गेले, तेही बिचारे घरीच बसलेले होते. त्यातल्या एकानं भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. आता चौकात अण्णांना लोक कंपनीचं विचारत नव्हते, भिंतीचं विचारत होते. आणि अण्णा पुन्हा चौकातून जायला लागले होते. घोटाळा एवढाच, की न्हाणीघरात अंघोळ करायची बंदी होती. साबणाचे शिंतोडे उडतात म्हणून! कितीतरी दिवस आम्ही पत्र्याआड लुगडं धरूनच अंघोळी केल्या. शेवटी आई एका सकाळी सरळ बंबातलं पाणी घेऊन आत गेली आणि आतून कडी लावली.

भिंत वापरात आली आणि तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा उमटल्या. "तडे गेले," मी म्हटलं. "तडे न्हाईत, रेघा हाईत," अण्णा म्हणाले. काही का असेना, पाणी आत मुरायला लागलं आणि पलीकडं मधल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. हे एरवी कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पण कुरुळीला दिलेल्या अक्काला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, आणि अक्काची खाट मधल्या खोलीतच टाकायची ठरलेली. अक्काच्या सासूबाई ओटी भरायला कुरुळीहून आल्या. बाई मोठी नजरेची. मधल्या खोलीत आल्या, भिंतीला तळवा लावला, तो आईला दाखवला. ओला. "विहीणबाई, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "वल्या भितीपाशी मी बाळंतीण निजू देणार न्हाई. आतनं टायला बसवा, मग खुशाल न्या शोभाला. न्हाईतर आमच्याकडंच व्हऊ द्या बाळंतपण." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण आईचा चेहरा उतरला. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून व्हावं याची ती लग्नाच्या दिवसापासून वाट बघत होती.

टाइलांना अण्णांनी मुळीच नाही म्हटलं नाही. उलट त्यांना आनंदच झाला. चिंचवडहून पांढऱ्याशुभ्र टाइला आल्या, तशी त्यांनी एकेक उचलून डोळ्यासमोर आडवी धरली, बोट फिरवलं आणि ओके, ओके, ओके करत बाजूला रचल्या. मटकी भिजत घालावी तशा त्या पिंपात भिजत घातल्या. काशिनाथ छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि म्हणाला, "आधी टाचे मारावं लागतेत." टाचे म्हणजे भिंतीला छिन्नीनं जवळजवळ खड्डे पाडायचे, सगळी भिंत खरबडीत करायची. अण्णांनी त्याच्याकडं असं बघितलं, की जणू तो पोरीच्या तोंडावर वार करायला निघालाय. "का?" अण्णांनी विचारलं. "सगळीकडं मारतेत," काशिनाथ म्हणाला. "अरे, पर का?" "आता का म्हणजे... आमच्या मिस्त्रीनं असंच शिकवलंय." अण्णांचं समाधान कसलं होतंय! त्यांनी त्याला स्लिप गेजची सगळी कथा सांगितली. भिंत साफ, टाइल साफ, मधे सिमेंटचा पातळ हात, की धरलीच पाहिजे. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तो रोज भिती बांधतोय, त्याचं ऐका की." "तो बांधतोय. ही मी घडवलीय," अण्णा म्हणाले. काशिनाथनं खांदे उडवले. "बरं. घर तुमचं." आणि त्या आरशासारख्या भिंतीवर त्यानं टाइला बसवल्या.

हे मी लिहिते आहे तेव्हा आमच्या ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं काम काढलेलं आहे, कारण खालच्यांच्या छताला आमचं पाणी गेलं. मिस्त्री मशिन लावून टाचे मारतोय आणि सगळी इमारत थरथरतेय. मला गॅलरीत बसवलंय, धूळ लागेल म्हणून. मी मघाशी आत जाऊन म्हटलं, "दादा, खालच्या कोपऱ्यात विरळ झालेत, तिथं अजून मारा." तो म्हणाला, "आजी, तुम्ही काय या लाईनमधल्या का?" मी त्याला सांगितलं की मी चाकणला एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. खरं म्हणजे टाच्यांचं मी तिथं शिकले नव्हते. पण एवढी लांब गोष्ट सांगायला त्याच्याकडं वेळ नव्हता.

तर टाइला बसल्या आणि झकास दिसत होत्या. ओल हळूहळू वाळायला लागली. अक्का आली. दिवस भरत आले होते, पाय सुजलेले, पण चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं. आई तिला रोज काहीतरी करून घालायची, इंद्रायणीचा भात आणि साजूक तूप, हुलग्याचं माडगं, अळिवाचे लाडू मात्र बाळंत झाल्यावर म्हणून लपवून ठेवलेले. ते लपवलेत कुठं हे मला आणि अक्काला दोघींनाही ठाऊक होतं. अक्का अंघोळीला गेली की मी जुन्या सवयीनं दाराबाहेर उभी राहायची, आता दाराला कडी होती तरी. आत वाफ, बाहेर मी, आणि दारातून गप्पा. एका सकाळी ती मला विचारत होती, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं. मी काहीतरी उत्तर देत होते, तेवढ्यात आतून खळ्ळ असा मोठा आवाज झाला आणि अक्का किंचाळली.

आई धावत आली. अक्कानं कशीबशी लुगडं गुंडाळून कडी काढली. टाइलांची एक अख्खी रांग भिंतीवरून घसरून खाली आली होती आणि एका तुकड्यानं अक्काच्या पायाला कापलं होतं. जखम मोठी नव्हती, पण ओल्या फरशीवर रक्त पसरलं की केवढं दिसतं! टाइलांच्या पाठीला सिमेंटचा थर पापडासारखा जसाच्या तसा चिकटलेला. आणि भिंत? भिंतीवर एक ओरखडासुद्धा नाही. जशी घोटली तशी, लखलखीत. अण्णा आत आले. अक्काकडं बघितलं, "लागलं का गं?" म्हणाले, आणि मग त्यांचा हात आपोआप भिंतीकडं गेला. मधलं बोट फिरायला लागलं. आई आयुष्यात त्यांच्यावर ओरडलेली मी बघितली ती त्या एकदाच. "लेकीच्या पायातनं रगात येतंय आन तुमी भित चाचपताय!" अण्णांनी हात मागं घेतला. बाहेर जाऊन लिंबाखाली खाटेवर बसले ते बसलेच.

बातमी कुरुळीला पोचली. दाजींना चाकणला पहिली पाळी होती, ते सुटल्यावर आले, अक्काचा पाय बघितला, चहा घेतला आणि मान खाली घालून निरोप सांगितला. "आई म्हणत्यात, रविवारी जीप घिऊन येतो. शोभाला तिकडंच असू द्या." अक्का आईच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. "मला न्हाई जायचं. मला तुझ्याजवळ राह्यचंय." आई तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि बाहेर खाटेकडं बघत होती. काशिनाथ म्हणाला, आताही टाचे मारून नव्यानं बसवता येतील, रविवारच्या आत होईल. पण अण्णांच्या भिंतीला हात कोण लावणार? त्यांना सांगायची कुणाची छाती होत नव्हती. ती भिंत म्हणजे कंपनी सुटल्यापासून त्यांना मिळालेली एकच गोष्ट होती, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आणि रविवारी अक्का जाणार हेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यानं आरोळी आली, "टाकीऽऽ लावायची का पाट्याऽऽला!" ही बाई वर्षातून एखाद्या वेळेस यायची. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग त्यावर वाटण होत नाही, म्हणून टाकीनं, म्हणजे टोकदार छिन्नीनं, त्याला बारीक खड्डे पाडून द्यायचे, हा तिचा धंदा. घरोघरी मिक्सर यायला लागले होते, तिचं येणं कमी झालं होतं. आईनं तिला अंगणात बोलावलं. मी आणि आईनं पाटा उचलून बाहेर आणला आणि, माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही, पण आईनं तो नेमका अण्णांच्या खाटेसमोर ठेवला. बाईनं पोतं अंथरलं, बसली आणि टक टक सुरू केलं. दगडाचा भुगा उडत होता. अण्णा बघत होते. त्यांना कुणाचंही हातकाम बघितल्याशिवाय राहवायचं नाही. बाईचं झाल्यावर तिला बसवूनच आईनं पाटा धुतला, खोबरं-लसूण-मिरची आणली आणि तिथंच अंगणात बसून वाटायला लागली. गेले कित्येक दिवस मिरची पाट्यावरून नुसती सरकायची. आता वरवंटा फिरला की सगळं जागच्या जागी चिरडत होतं. वास सुटला. आई हात न थांबवता म्हणाली, "अवो, ह्याच्यावरनं फिरवा की बोट. सगळ्यावरनं फिरवता."

अण्णा खाली वाकले. पाट्याच्या रिकाम्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "खरबडीत हाय," ते म्हणाले.

"व्हय. म्हणून धरतंय," आई म्हणाली. मग तिनं वरवंटा बाजूला ठेवला. "तुमच्या भितीला मी नावं ठिवीत न्हाई. सबंध थेरगावात तशी भित न्हाई. पर ती कुणालाच धरून ठिवीना, तर तिला घिऊन मी काय करू? कंपनी बंद पडली ती काय तुमच्या हातानं न्हवं. पर रविवारी माझी लेक गेली, तर ती तुमच्या हातानं जाईल." एवढं बोलून तिनं पदरानं डोळे पुसले आणि मिरचीचा हात डोळ्याला लागला म्हणून आणखीच पाणी आलं. अण्णा उठले. टाकीवाल्या बाईला म्हणाले, "बाई, टाकी देता का जरा?" बाई फिसकन हसली. "टाकी कुणी देतं व्हय, मालक? पोट हाय माझं ते!" अण्णा घरात गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा अंगात निळे कपडे होते आणि हातात त्यांची स्वतःची छिन्नी.

ते न्हाणीघरात गेले. थोड्या वेळानं मी दारातून डोकावले. उरलेल्या टाइला त्यांनी काढून ठेवल्या होत्या, त्या काढायला कष्ट पडलेच नव्हते. भिंतीवर आज त्यांचं बोट नव्हतं, दोन्ही तळवे होते. मग त्यांनी छिन्नी टेकवली आणि हातोडा मारला. अण्णा रडत होते. लपवत नव्हते. नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं आणि हातोडा चालू होता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार अभिमानही वाटला. मला बघून ते म्हणाले, "मंदे, दुसरी छिन्नी घे. खालचं अंग तुझं." मी बसले. त्यांचे टाचे सरळ रांगेत, पाभरीनं पेरल्यासारखे. माझे वाटेल तिथं. थोड्या वेळानं त्यांनी खाली बघितलं, नाक पुसलं आणि म्हणाले, "ह्ये काय, कोंबडीनं उकिरडा उकरलाय!" तेव्हा मला कळलं की आता होईल सगळं नीट. संध्याकाळी काशिनाथ आला, भिंत बघून हसायला लागला. "अण्णा, टाचे हाईत का रांगोळीचे ठिपके?" मग त्यानं कुंचल्यानं धूळ झाडली, भिंतीवर पाणी मारलं, सिमेंटचा घोळ चोपडला आणि पुन्हा पहिल्यापासून टाइला बसवल्या. अण्णा त्याच्या हाताखाली एकेक टाइल देत उभे होते आणि तो सांगेल तसं करत होते.

रविवारी जीप आली. अक्काच्या सासूबाई चप्पल काढून सरळ न्हाणीघरात गेल्या, बोटाच्या पेरांनी टाइला वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, एका टाइलीला तर नखानं उचकटूनही बघितलं. आई चुलीपाशी उभी होती, तिचे हात पिठात होते आणि ती भाकरी थापायची विसरली होती. सासूबाई बाहेर आल्या, मधल्या खोलीत बसल्या आणि म्हणाल्या, "च्या ठिवा की, विहीणबाई." अक्का हुंदका देऊन हसली. जीप रिकामी गेली. अक्काला मुलगी झाली, आणि आईनं तिला त्याच न्हाणीघरात पाटावर बसून, पायांवर आडवी घेऊन, रोज न्हाऊ घातलं. टाइला छातीएवढ्याच होत्या, त्याच्यावर अण्णांची भिंत तशीच राहिली होती. पाव्हणेरावळे आले की अण्णा अजूनही डोळे मिटायला लावायचे. कंपनी काही पुन्हा सुरू झाली नाही. पुढं ते भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लागले आणि म्हातारे होईस्तोवर तिथं राहिले. त्या दुपारबद्दल अण्णा आणि आई पुन्हा कधी बोलल्याचं मला आठवत नाही. भाकरी रोज औटच निघायची.

थेरगावचं ते घर आम्ही बिल्डरला दिलं तेव्हा आई नव्हती. अण्णा होते, फार थकलेले. घर पाडताना बघायचंच असा त्यांनी हट्ट धरला, म्हणून शेजारच्या ओट्यावर खुर्ची टाकून त्यांना बसवलं आणि मी शेजारी बसले. सगळं घर पटापट आडवं झालं. न्हाणीघरापाशी मात्र माणसं अडली. टाइला वेगळ्या काढून न्यायच्या होत्या त्यांना. त्यातला एक कपाळाचा घाम पुसत आमच्याकडं आला. "आजोबा, ह्या टाइला कुणी बसवल्यात? निघनात राव! भित येतीय पर टाइल येईना." शेवटी त्यांनी भिंतीसकट तुकडे पाडले. अण्णांनी मला खूण केली, मी एक तुकडा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. पुढं पांढरी टाइल, मागं प्लास्टर, त्यामागं आमच्या गोठ्याच्या विटेचा तांबडा कोपरा. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला. मधलं बोट सांध्यावरून फिरवलं. मग तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मंदे, ओढ."

मी ओढलं. माझे केस पिकले होते, तरी लहानपणी ओढलं होतं तसंच दात-ओठ खाऊन ओढलं, नखं दुखेपर्यंत. सुटलं नाही. अण्णा बोळक्या तोंडानं हसले. मग हसणं थांबलं आणि ते पाडलेल्या घराकडं, जिथं चूल होती तिकडं बघत राहिले.

"तिचं ओके व्हतं, मंदे," ते म्हणाले. "तिला म्हणायचं राहिलं."